कचऱ्यापासून इंधनवायू: भट्टीच्या आधी आणि भट्टीनंतर होणाऱ्या या चुका टाळा

वायूकरणात कचरा पूर्ण जळेल इतका प्राणवायू त्याला दिला जात नाही. साधारण ८०० ते ९०० अंश सेल्सिअस, काही भट्ट्यांत त्याहून बऱ्याच अधिक तापमानाला त्याचे विघटन होते आणि मुख्यतः कार्बन मोनॉक्साइड व हायड्रोजन हे ज्वलनशील घटक असलेला वायू मिळतो. प्रकल्प रखडला की दोष भट्टीला दिला जातो, परंतु माझ्या मते त्याचे मूळ बहुधा भट्टीत जाणाऱ्या कचऱ्यात किंवा तिच्यातून निघणाऱ्या वायूच्या शुद्धीकरणात असते.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे घंटागाडीतून आलेला मिश्र कचरा तसाच वापरणे. आपल्या शहरांतील मिश्र कचऱ्यात बरेचदा निम्म्याच्या आसपास पाणी असते आणि एक किलो पाण्याची नुसती वाफ करायलाच सुमारे ५४० किलोकॅलरी उष्णता खर्ची पडते. तापमान वारंवार घसरू लागले की चालक हवा वाढवतात. त्याने तापमान चढते खरे, पण तयार झालेला इंधनवायूच आत जळतो आणि हवेतील नायट्रोजनमुळे उरलेला वायू आणखी कमकस होतो. म्हणून ज्योत टिकत नसेल, तर हवेच्या झडपेला हात लावण्याआधी कचऱ्यातील ओलावा मोजावा. घनकचरा व्यवस्थापनाच्या २०१६ च्या नियमांनी किलोमागे १५०० किलोकॅलरी किंवा अधिक उष्मांक असलेला, पुनर्वापर न होणारा कचरा भरावभूमीत न टाकता ऊर्जेसाठी वापरण्यास सांगितले, आणि वायूकरणाचा खरा कच्चा माल तोच आहे. ओला कचरा बायोगॅसकडे किंवा खताकडे जावा आणि कचरावेचकांनी विकण्याजोगे वेगळे काढल्यावर जे कोरडे उरते, तेच भट्टीकडे यावे.

दुसरी मोठी चूक टारच्या बाबतीत होते. वायू थंड होत जातो तसे हे चिकट डांबरी द्रव्य नळ्यांत आणि फिल्टरवर साचते. इंजिनाच्या झडपा अडकत असतील किंवा फिल्टरच्या दोन बाजूंतील दाबाचा फरक झपाट्याने वाढत असेल, तर पहिला संशय त्याच्यावरच घ्यावा. फिनलंडमधील लाहती शहरात २०१२ साली सुरू झालेल्या प्रकल्पाने येथे शहाणपणाचा मार्ग निवडला. तेथे वर्गीकरण केलेल्या कोरड्या कचऱ्याचा वायू सुमारे ४०० अंशांपर्यंतच थंड करतात, त्यामुळे टार वायुरूपातच राहते, तर गंज आणणारे क्षार घन होऊन राखेबरोबर फिल्टरवर अडकतात. मग तो वायू इंजिनात न नेता बॉयलरमध्ये जाळतात. याउलट इंग्लंडमधील टीज व्हॅली येथे एअर प्रॉडक्ट्स या कंपनीने प्लाझ्मा वायूकरणाचे (विजेच्या ज्योतीच्या अतिप्रखर उष्णतेवर चालणाऱ्या वायूकरणाचे) दोन मोठे प्रकल्प हाती घेतले आणि तांत्रिक अडचणींनंतर २०१६ मध्ये सुमारे एक अब्ज डॉलरचा तोटा सोसून ते सोडून दिले. एवढी मोठी झेप घेण्याआधी लहान क्षमतेवर, आपल्याच शहरातील कचरा वापरून, दीर्घकाळ चाचणी घेणे मला अत्यावश्यक वाटते.

पीव्हीसीचे पाइप, वायरींची आवरणे आणि रेक्झिन वेगळे न काढल्यास त्यांतील क्लोरीनपासून हायड्रोजन क्लोराइड तयार होऊन धातू खातो. वायू किंवा धूर साधारण ४५० ते २५० अंशांच्या पट्ट्यात रेंगाळला, तर राखेच्या पृष्ठभागावर डायॉक्सिन हे अत्यंत विषारी द्रव्य पुन्हा तयार होऊ शकते. म्हणून जेथे त्याखाली थंड करायचे असते, तेथे हा पट्टा झटकन ओलांडावा लागतो. भट्टीच्या तळाशी खंगर, म्हणजे वितळून घट्ट झालेल्या राखेची ढेकळे, धरत असल्यास काच आणि अॅल्युमिनियम तपासावे. अॅल्युमिनियम ६६० अंशांनाच वितळते.

वायुगळतीकडे दुर्लक्ष ही जिवावर बेतणारी चूक आहे. कार्बन मोनॉक्साइडला रंगही नाही आणि वासही नाही, त्यामुळे कामगारांच्या अंगावर आणि बंदिस्त जागांत त्याचे सूचक यंत्र असलेच पाहिजे. गळती टाळण्यासाठी आतील दाब बाहेरच्यापेक्षा किंचित कमी ठेवतात. पण मग फटींतून हवा आत शिरून स्फोटक मिश्रण होऊ शकते, म्हणून वायूतील प्राणवायूचे प्रमाण सतत मोजावे आणि भट्टी सुरू करताना व बंद करताना संपूर्ण यंत्रणा नायट्रोजनने धुऊन काढावी.