.२२ काडतुसं: खोक्याचा नव्हे, एका बाराचा भाव काढा

अमेरिकेत २०१३ मध्ये आणि पुन्हा २०२० मध्ये .२२ एलआर (लाँग रायफल, छोटी .२२ इंच मापाची) काडतुसं दुकानांतून गायब झाली, भाव भडकले. तेव्हा धावाधाव करण्यापेक्षा भाव उतरलेले असताना थोडी थोडी भर घाला. महिन्याला २०० लागत असतील तर सहा महिन्यांची १,२०० पुरेत.

समजा, ५०० चं खोकं ४० डॉलरला आणि घरपोच पाठवणीचे १२, म्हणजे एक काडतूस १०.४ सेंटला पडलं. तुलना याच आकड्याची करा.

एकगठ्ठा घेण्याआधी त्या प्रकारची ५० तरी आपल्याच बंदुकीतून चालवून बघा. .२२ बंदुका भलत्या चोखंदळ: एकीत सुरळीत चालणारं काडतूस दुसरीत अडकतं. सेमी-ऑटोमॅटिकमध्ये (पुढचं काडतूस आपोआप भरणाऱ्या बंदुकीत) कमी वेगाचं काडतूस बऱ्याचदा बोल्ट, म्हणजे काडतुसामागचा सरकता भाग, पुरता मागे ढकलत नाही. पसंत पडलं तर तोच लॉट, म्हणजे कारखान्यातली तीच खेप, मागा.

मूळ खोकी फोडू नका, लॉट नंबर त्यांच्यावरच असतो. रबरी गॅस्केटचा लष्करी पत्र्याचा डबा, आत सिलिका जेल, बाहेर खरेदीची तारीख. गॅस्केटला चीर नाही ना, बोटाने चाचपा. डबा कुलपात, थंड कोरड्या खोलीत. गाडीची डिकी किंवा माळा नको, उष्णतेने काडतुसातली दारू लवकर खराब होते. बंदुकीचं तेलही लांब ठेवा, ते आत झिरपलं की बार फुसका निघतो.

आधी जुनी वापरा. बार नेहमीपेक्षा दबका वाजला तर लगेच थांबा, बंदूक रिकामी करा. नळीत गोळी अडकलेली नाही हे पाहिल्याशिवाय पुढचा बार काढू नका.