लेझरने चष्मा घालवताय? वयाच्या बाबतीत या चुका टाळा

बारावीचा निकाल लागला की पुण्यातल्या बऱ्याच घरांत हा विषय निघतोच: ‘अठरा पूर्ण झाली, कॉलेज सुरू व्हायच्या आत लेझर करून टाकू.’ तिकडे हिंजवडीतला पंचेचाळिशीचा गृहस्थ म्हणतो, ‘आता काय, आपलं वय गेलं.’ दोघंही जन्मतारीख बघतायत. डॉक्टर बघतात ते नंबर थांबलाय का, कॉर्निया (डोळ्याचा पुढचा पारदर्शक थर) कसा आहे आणि आतलं भिंग कितपत साथ देतंय.

‘अठरा झाली, म्हणजे चालतंय’

अठरा ही खालची मर्यादा. त्या वाढदिवसाला नंबर वाढायचा थांबतो असं कुणी सांगितलं? वर्षभरात नंबर 0.5 पेक्षा जास्त सरकलेला नसावा, असा साधारण नियम आहे. गेल्या जूनमध्ये उणे 3.25 आणि या जूनमध्ये उणे 4 असेल तर थांबायचं. लेझर आजचा नंबर घालवतं, उद्याची वाढ रोखत नाही. म्हणून बरेच डॉक्टर विशी-एकविशीपर्यंत थांबायला सांगतात. त्यांना पेशंट नको असतो म्हणून नव्हे.

‘वाढला तर पुन्हा करू’ हे म्हणायला सोपं आहे. कॉर्नियाची जाडी मधोमध सरासरी 540 मायक्रॉन, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरहून थोडीच जास्त असते. लॅसिकमध्ये, म्हणजे लेझरच्या नेहमीच्या पद्धतीत, वरची चकती साधारण 110 मायक्रॉनची उचलतात, आणि एका नंबरमागे अंदाजे 12 ते 15 मायक्रॉन थर घासला जातो. खाली निदान 250, शक्यतो 300 मायक्रॉन शिल्लक राहायला हवेत. मुळात कॉर्निया 490चा आणि नंबर उणे 5 असेल, तर पहिल्याच वेळी बहुतेक शिल्लक संपते. दुसऱ्या वेळी काढायचं कुठून?

जुने नंबर सापडत नसतील तर जिथून चष्मे केले त्या दुकानात विचारा. मोबाइल नंबरवरून नोंद निघते बऱ्याचदा.

फक्त नंबर तपासून तारीख घेणं

तरुण वयातला खरा धोका केराटोकोनसचा. कॉर्निया हळूहळू पातळ होऊन पुढे टोकदार होतो. सुरुवात बहुतेकदा किशोरवयात किंवा विशीत होते, म्हणजे नेमकी लोक लेझरचा विचार करतात तेव्हा. सिलिंडर नंबर (कॉर्नियाच्या असमान वक्रतेचा) सारखा बदलतोय, ॲलर्जीमुळे डोळे चोळायची सवय आहे, किंवा घरात कुणाला हा आजार आहे, तर डॉक्टरांना आपणहून सांगा. अशा डोळ्यावर लेझर केलं तर कॉर्निया आणखी कमकुवत होतो. कॉर्नियाचा स्कॅन आणि बाहुली मोठी करून पडद्याची तपासणी, या दोन्हींशिवाय तारीख मिळत असेल तर ती घेऊ नका. (ड्रॉप्स घातल्यावर काही तास अंधुक दिसतं. स्कूटर घरी ठेवून जा.)

स्कॅनआधी सॉफ्ट लेन्स एक-दोन आठवडे, हार्ड लेन्स निदान तीन-चार आठवडे बंद. आदल्या रात्री काढून चालत नाही, कारण लेन्समुळे कॉर्नियाचा आकार बदललेला असतो आणि मोजमाप चुकतं.

भरती आणि लग्न

सैन्यात जायचं असेल तर आधी त्या वर्षीच्या जाहिरातीतले वैद्यकीय निकष वाचा. प्रवेशाच्या प्रकाराप्रमाणे ते बदलतात, आणि ऑपरेशनच्या वेळी वय किती होतं, त्याला किती महिने झाले हेही पाहिलं जातं. अठराव्या वर्षी घाईने केलेलं लेझर तिथे आडवं येऊ शकतं.

लग्न ठरतंय म्हणून नंबर अजून बदलत असताना लेझर उरकणं मला तरी पटत नाही. गरोदरपणात आणि अंगावर पाजताना हार्मोन्समुळे नंबर हलतो, त्या काळात ऑपरेशन करत नाहीत. दूध तोडल्यावर काही महिने जाऊ द्यावे लागतात.

चाळिशीनंतर ‘सगळे चष्मे जातील’ ही समजूत

सर्वांत जास्त निराशा इथे होते. चाळिशीनंतर डोळ्यातलं भिंग ताठर होतं आणि जवळचं दिसेना होतं. लेझर होतं कॉर्नियावर, भिंगावर नाही. उणे 2 नंबरवाले चष्मा काढून पेपर आरामात वाचतात. लांबचा नंबर शून्य केला की ती सोय गेली. ऑपरेशन यशस्वी, आणि वाचायचा चष्मा नाकावर!

यावर मोनोव्हिजनचा पर्याय असतो: एक डोळा लांबसाठी, दुसऱ्यात थोडा उणे नंबर मुद्दाम ठेवून जवळसाठी. सगळ्यांना तो मानवत नाही. आधी कॉन्टॅक्ट लेन्स लावून काही दिवस तसंच वावरून बघा. रात्री कात्रज घाटातून गाडी चालवताना समोरचे दिवे फुटल्यासारखे दिसतात का, मोबाइल वाचता येतो का, दोन्ही तपासा.

पन्नाशीनंतरही दार बंद नसतं. वरची पक्की वयोमर्यादा नाही. पण डोळ्यांचा कोरडेपणा वाढतो, रजोनिवृत्तीनंतर बायकांना जास्तच, आणि लेझरने त्यात भर पडते. मधुमेह असेल तर साखर ताब्यात हवी. मोतीबिंदूची सुरुवात दिसत असेल तर लेझरवर खर्च करू नका; पुढे मोतीबिंदूच्या ऑपरेशनमध्ये बसवतात त्या भिंगातच नंबर काढता येतो.

आणि ज्यांचं लेझर झालंय त्यांनी ऑपरेशनआधीचा नंबर आणि कॉर्नियाचे रिपोर्ट जपून ठेवा. पुढे मोतीबिंदूचं भिंग ठरवताना नेहमीचं गणित अशा डोळ्याला चुकतं, तेव्हा डॉक्टर हेच कागद मागतात.