बाळाचे लसीकरण कार्ड कसे वाचावे

सरकारी रुग्णालयातून मिळणारे माता व बाल संरक्षण कार्ड असो किंवा खासगी बालरोगतज्ज्ञांनी दिलेली पुस्तिका, लसीकरणाचे पान आद्याक्षरांनी भरलेले असते. आशाताई किंवा परिचारिका सांगतील त्या दिवशी बाळाला घेऊन जाणे पुरेसे आहे असे वाटते खरे. पण घर किंवा डॉक्टर बदलले, किंवा एखादी फेरी चुकली, की कार्ड स्वतःला वाचता येणे फार उपयोगी पडते. प्रत्येक नोंदीला तीन प्रश्न विचारावेत: लस कोणत्या आजारावरची आहे, ही मात्रा कितवी आहे आणि समोरची तारीख लस दिल्याची आहे की पुढच्या भेटीची? पुढची तारीख अनेक ठिकाणी पेन्सिलीने लिहिलेली असते आणि ती पाहून लस झाली असे समजण्याची चूक होऊ शकते.

जन्मानंतरच्या रकान्यात तीन नोंदी असतात. बीसीजी ही क्षयरोगावरची लस. कॅल्मेट आणि गेरिन या दोन फ्रेंच संशोधकांच्या नावांची अक्षरे तिच्या नावात आहेत आणि तिचा माणसांवरील वापर 1921 मध्ये सुरू झाला. लहान मुलांतील मेंदूच्या आवरणाचा क्षय आणि शरीरभर पसरणारा क्षय यांपासून संरक्षण देणे हे तिचे मुख्य काम आहे. ती डाव्या दंडावर त्वचेच्या आत टोचतात. दोन-तीन आठवड्यांनी तिथे पुळी येते, ती फुटून लहानशी जखम होते आणि काही आठवड्यांत आपोआप भरून व्रण उरतो. या जखमेवर हळद, मलम किंवा शेक यांपैकी काहीही करू नये. व्रण उमटला नाही तरी लस पुन्हा टोचण्याची गरज नसते. उरलेल्या दोन नोंदी म्हणजे ओपीव्ही, अर्थात तोंडाने देण्याचे पोलिओचे थेंब, आणि कावीळ ब वरची लस, जी शक्यतो जन्मानंतर 24 तासांच्या आत द्यायची असते. या दोन्हींपुढे शून्य लिहिलेले असते. त्याचा अर्थ मात्रा दिली नाही असा नसून, ही जन्माची मात्रा पुढच्या 1, 2, 3 या क्रमात धरलेली नाही असा आहे.

त्यानंतर 6, 10 आणि 14 आठवड्यांच्या, म्हणजे बोलीभाषेत दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांच्या फेऱ्या येतात. येथील पेंटा ही एकाच टोचणीत पाच आजारांवरची लस आहे: घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, कावीळ ब आणि हिब. हिब या जंतूच्या पूर्ण नावात इन्फ्लुएंझा हा शब्द असला तरी त्याचा फ्लूशी संबंध नाही. तो लहान मुलांत न्यूमोनिया आणि मेंदूज्वर घडवणारा जीवाणू आहे. आरव्हीव्ही ही रोटा विषाणूमुळे होणाऱ्या जुलाबांवरची, तोंडाने देण्याची लस आहे. पीसीव्ही ही न्यूमोनिया घडवणाऱ्या न्यूमोकोकस जीवाणूवरची लस सरकारी वेळापत्रकात दीड, साडेतीन आणि नऊ महिन्यांना येते. हीच तीन अक्षरे रक्ततपासणीच्या अहवालातही दिसतात, पण तिथे त्यांचा अर्थ रक्तातील पेशींचे प्रमाण असा असतो आणि लसीशी त्याचा काहीही संबंध नसतो.

थेंब दिलेले असताना पोलिओची सुई कशासाठी, असे अनेक पालक विचारतात. थेंबांमुळे आतड्यात प्रतिकार तयार होतो, तर आयपीव्ही या टोचण्याच्या लसीमुळे रक्तात. शिवाय एप्रिल 2016 पासून थेंबांतून पोलिओचा दुसरा प्रकार वगळला आहे, त्यामुळे त्या प्रकारापासूनचे संरक्षण सुईवरच अवलंबून आहे. कार्डावर आयपीव्हीच्या आधी लहान लिपीतले एफ असेल, तर ती 0.1 मिलिलिटरची, त्वचेत देण्याची अंशमात्रा समजावी. खासगी दवाखान्यात सहसा 0.5 मिलिलिटरची पूर्ण मात्रा स्नायूत देतात. अंशमात्रेची तिसरी टोचणी जानेवारी 2023 पासून नवव्या महिन्यात दिली जाते.

एमआर म्हणजे गोवर आणि रुबेला. पहिली मात्रा नऊ महिने पूर्ण झाल्यावर आणि दुसरी 16 ते 24 महिन्यांदरम्यान द्यायची असते, आणि ही दुसरी अनेकदा राहून जाते, कारण तोवर मूल चालू-धावू लागलेले असते आणि कार्ड कपाटात गेलेले असते. गोवर अंगावर पुरळ येऊन निघून जातो, तो एकदा होऊन गेलेला बरा, ही समजूत धोक्याची आहे. 2022 च्या अखेरीस मुंबईत गोवंडीसारख्या वस्त्यांत गोवराची साथ आली आणि त्यात बालके दगावली. रुबेला मुलाला सौम्य होतो, पण गर्भवतीला झाल्यास पोटातल्या बाळाला मोतीबिंदू, बहिरेपणा किंवा हृदयाचे दोष होऊ शकतात. खासगी पुस्तिकेत एमआरऐवजी एमएमआर दिसते. त्यात गालगुंडाची लसही असते. विदर्भातील काही जिल्ह्यांत याच वयात जेई, म्हणजे जपानी मेंदूज्वराची लसही मिळते.

दीड-दोन वर्षांची आणि 5 ते 6 वर्षांची डीपीटी म्हणजे घटसर्प, डांग्या खोकला आणि धनुर्वात यांची बूस्टर, म्हणजे आधीचे संरक्षण टिकवणारी मात्रा. दहाव्या आणि सोळाव्या वर्षी मात्र टीडी येते. तिच्यातला डी मुद्दाम लहान लिपीत छापतात, कारण मोठ्या वयासाठीच्या या लसीत घटसर्पाचा घटक कमी प्रमाणात असतो.

एखादी मात्रा चुकली तर क्रम पहिल्यापासून सुरू करावा लागत नाही. जिथे थांबला तिथून, मात्रांमध्ये किमान 4 आठवडे ठेवून, तो पुढे नेता येतो. तरीही वयाची मर्यादा असते: बीसीजी एक वर्षापर्यंतच देतात, आणि पेंटा व रोटाची पहिली मात्राही पहिल्या वाढदिवसाआधी व्हावी लागते. म्हणून चुकलेली फेरी पुढच्या महिन्यावर ढकलू नये.

लस दिल्यावर अर्धा तास केंद्रातच थांबावे. नंतर उद्भवलेल्या त्रासाची नोंद एईएफआय या नावाने होते. त्या नोंदीमुळे त्रास लसीमुळेच झाला असे सिद्ध होत नाही. पेंटानंतर ताप येणे सामान्य आहे. त्यासाठीच्या चिठ्ठीवर एसओएस असेल तर औषध गरज पडली तरच द्यावे. बीडी म्हणजे दिवसातून दोनदा आणि टीडीएस म्हणजे तीनदा. पॅरासिटामॉलच्या थेंबांत एका मिलिलिटरला सहसा 100 मिलिग्रॅम औषध असते, तर सिरपच्या 5 मिलिलिटरमध्ये 125 किंवा 250 मिलिग्रॅम. त्यामुळे एका बाटलीचे माप दुसऱ्या बाटलीला कधीही लावू नये आणि मात्रा बाळाच्या वजनावरून डॉक्टरांकडूनच लिहून घ्यावी.