भूतकाळ दडवणारी नायिका घेऊन थरार कादंबरी कशी लिहावी

नायिका मनात ठरली आहे आणि रोज लिहायला बसायची सवय आहे, असं धरून चालते. तिची रास, आवडता रंग, आवडती भाजी यांचा तक्ता करा, हा सल्ला कुणी दिला तर सोडून द्या. त्याने एकही प्रकरण पुढे सरकत नाही.

आधी तिचा भूतकाळ लिहून काढा. पूर्ण आणि तारीखवार. कादंबरीत त्यातलं फार थोडं येईल, तरी लिहा. एक उदाहरण घेऊ. कोल्हापूरकडची मुलगी लग्न होऊन मुंबईत कलिन्याला आली. नवरा मारहाण करणारा. २६ जुलै २००५: सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस, त्यात समुद्राला भरती, मिठी नदीचं पाणी वस्त्यांत. नवरा कामावर अडकलेला, तळमजल्याच्या खोलीत अंथरुणाला खिळलेली सासू. ही एकटीच बाहेर पडते आणि परत जात नाही. दोघीही गेल्या असं सगळे धरून चालतात. आज ती नाशिकमध्ये दुसऱ्या नावाने राहते, घरोघरी जेवणाचे डबे पुरवते.

मग हा भूतकाळ सरकारी कागदांवर घासून बघा. पहिलं आधार कार्ड सप्टेंबर २०१० मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत दिलं गेलं. म्हणजे २००५ साली नाहीशी झालेली बाई आधारसाठी बोटांचे ठसे देते ती नव्या नावानेच, जुन्या नावाशी जुळवायला तिथे काही नाही. हीच घटना २०१८ मध्ये नेलीत तर डोलारा कोसळतो. सात वर्षं ठावठिकाणा नसलेला माणूस मेला असं कायदा गृहीत धरू शकतो, त्यामुळे २०१२ नंतर नवऱ्याला कोर्टाची वाट मोकळी होते. उलट बाजूने, गुन्ह्याची दखल घेण्याला मुदतीचं बंधन आहे ते तीन वर्षांपर्यंत शिक्षा असलेल्या गुन्ह्यांनाच. ‘इतकं जुनं प्रकरण, आता कोण विचारतंय’ असं सांगणारा वकील कृपा करून लिहू नका. आणि २००५ च्या गुन्ह्याला भारतीय दंड संहिताच लागेल. तिच्या जागी आलेली भारतीय न्याय संहिता १ जुलै २०२४ पासूनच्या गुन्ह्यांसाठी आहे.

आता दोष. दारू पिणं, तुसडं बोलणं, रात्री झोप न लागणं हे दोष नव्हेत, ती सजावट झाली. ज्याची किंमत दुसरं कुणीतरी मोजतं तो दोष. आपल्या नायिकेचा दोष असा, की अडचण दिसली की तोंडातून पहिलं वाक्य खोटंच येतं. ती जिथे डबा देते त्या घरातले एकटे राहणारे आजोबा मेलेले सापडतात. पोलीस साधंच विचारतात, ‘सकाळी किती वाजता आला होतात?’ खरं सांगून काहीच बिघडलं नसतं. ती खोटं सांगते, आणि त्या खोट्यामुळे आजोबांचा निरपराध भाचा अडकतो. धमकीचं पत्र, अनोळखी नंबरवरून फोन, यांतलं काही लागत नाही.

अवघड टप्पा पुढे आहे आणि मला स्वतःला सगळ्यात जास्त छळलं ते यानेच. नायिकेला सगळं ठाऊक आहे, निवेदनही तीच करते आहे, मग वाचकाला कसं कळू द्यायचं नाही? नेहमीचा तोडगा असा: ‘त्या रात्रीच्या आठवणीने माझ्या अंगावर काटा आला. पण ते मी कुणालाही सांगणार नव्हते.’ हे अजिबात करू नका. वाचकाच्या नाकासमोर दार आपटल्यासारखं होतं ते. एकदा चालेल, तिसऱ्यांदा तो पुस्तक मिटतो.

कारण लपवा, वागणं उघडं ठेवा. नाशिकला समुद्र नाही. तरी जुलैत पावसाने जोर धरला की ती मोबाइलवर मुंबईच्या भरतीची वेळ बघते आणि पुन्हा कणीक मळायला घेते. एवढंच लिहा, स्पष्टीकरण देऊ नका. तळमजल्याची स्वस्त खोली ती नाकारते. दार आतून लावलं की पुन्हा उघडून बघते. आजारी म्हाताऱ्यांच्या घरचे डबे मात्र पोऱ्याकडे देत नाही, स्वतः नेते. माणूस आपल्या सवयींबद्दल मनातल्या मनात खुलासे करत बसत नाही, म्हणून ‘मी’च्या निवेदनातही ही फसवणूक होत नाही.

बोली हा मराठीत हाताशी असलेला उत्तम पुरावा. कोल्हापूरकडच्या बायका ‘मी येतो, जातो’ म्हणतात. ही वर्षानुवर्षं जपून ‘येते, जाते’ बोलते आणि एकदा घाबरून फोनवर ‘थांब, मी येतो’ म्हणून जाते. बाकीच्या वाचकांना ती छपाईची चूक वाटेल, म्हणून ते ऐकणारं पात्र हवं. चौकीतला हवालदार गडहिंग्लजचा असू द्या. त्याने लगेच बोलू नये, फक्त मान वर करावी.

दुसरी गोष्ट, गुपिताला दोन थर द्या. निम्म्याच्या आसपास वाचकाला कळू द्या की ती मारकुट्या नवऱ्यापासून पळाली. वाचक हळहळतो, कोडं सुटलं असं समजतो. सासूची गोष्ट त्याच्याखाली आहे. ती भाच्याला सोडवायचं तर स्वतःचं खरं नाव सांगावं लागेल, अशा जागी आली की मगच बाहेर काढा. वरचा थर खोटा असता कामा नये. मारहाण खरीच झाली, सासूला सोडणंही खरंच, आणि पहिल्याने दुसरं धुऊन निघत नाही. शेवटी तिला निर्दोष ठरवायचा मोह फार होतो: सासू दुष्ट होती, ती आधीच मेली होती, वगैरे. तसं केलंत तर मागची सगळी पानं फुकट.

प्रकरणं लहान ठेवा. पोलीस तपास चौकीच्या कामकाजाइतका साधा ठेवा.

खर्डा झाला की कोल्हापूरशी संबंध नसलेल्या एका वाचकाला द्या आणि एका कोल्हापूरकराला. ‘आवडलं का’ विचारू नका. सासूबद्दलचा संशय कुठल्या पानावर आला, तेवढं पेन्सिलीने खूण करून द्यायला सांगा. खूण पहिल्या चौथ्या हिस्स्यात पडली तर भरतीचा एखादा उल्लेख काढा. शेवटपर्यंत पडलीच नाही तर आजोबांच्या घरातला एक प्रसंग वाढवा, जिथे ते पाणी मागतात आणि ती उंबऱ्यातच थबकते.