तारणाची खात्री शोधताना या चुका टाळा

चर्चच्या शिबिरांचा आणि उज्जीवन सभांचा (विश्वास नव्यानं चेतवणाऱ्या सभांचा) हंगाम संपला की माझ्याकडे ठरलेले प्रश्न सुरू होतात. "बाई, माझं तारण झालंय हे कळणार कसं?" "परवा सभेत केवढा आनंद झाला होता, आता काहीच वाटत नाही." तारण म्हणजे ख्रिस्तामुळे पापांपासून मिळणारी सुटका. विचारणारे बदलतात, चुका मात्र त्याच. शास्त्राचा वर्ग घेता घेता त्या मला पाठ झाल्यात, म्हणून एकदाच्या लिहून टाकते.

तारखेवर भिस्त ठेवणं

सगळ्यात जास्त नुकसान याच चुकीनं केलेलं पाहिलंय. वक्ता म्हणतो, डोळे मिटा, हात वर करा, माझ्यामागून म्हणा. चार वाक्यं होतात, कार्डावर नाव आणि तारीख पडते. मग सांगतात, "आता कधीही शंका घ्यायची नाही." त्या प्रार्थनेबद्दल माझी तक्रार नाही. येशूच्या दाखल्यात मंदिरात आलेल्या जकातदाराची प्रार्थना तर एकाच ओळीची होती, आणि तो नीतिमान ठरून घरी गेला. माझा राग आहे तो शंकेवर बंदी घालण्यावर. शंका आली की पोरं ती कुणाला सांगत नाहीत, गुपचूप पुढच्या सभेत पुन्हा हात वर करतात.

आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, एक गृहस्थ होते, सगळे त्यांना अण्णा म्हणत. त्यांच्या बायबलच्या पहिल्या कोऱ्या पानावर तारणाच्या तारखा होत्या. एक खोडलेली, तिच्याखाली दुसरी, तीही खोडलेली. लहानपणी बाप्तिस्मा झालेला, मग मोठेपणी स्वतः विश्वास जाहीर करून दृढीकरण, मग दुसऱ्या एका मंडळीत जाऊन नदीत बुडून पुन्हा बाप्तिस्मा. तरी दर सभेला हात वर. "बाई, या खेपेला अगदी मनापासून केलं." मी त्यांना योहानाचा दहावा अध्याय काढून दिला. मेंढरं ख्रिस्ताच्या हातात आहेत, पित्याच्या हातात आहेत, आणि तिथून कुणी ती हिसकावून घेत नाही. धरणारा तो आहे, तुमच्या मुठीचा जोर कुणी विचारलाय? अण्णांनी मान हलवली, आणि पुढच्या सभेत हात वर होताच.

मग मी वेगळं विचारलं: नेमकं काय आठवलं की झोप उडते? बराच वेळ काही बोलले नाहीत. शेवटी निघालं ते असं. वडिलांच्या जमिनीवर दोन बहिणींकडून हक्कसोडपत्र लिहून घेतलं होतं, "पैसे देतो" या बोलीवर. सातबाऱ्यावरून बहिणींची नावं गेली आणि पैशांचा विषयही गेला. पापावर उपदेश झाला की ते आठवायचं आणि अण्णा त्यावर उपाय म्हणून नव्यानं तारण घ्यायचे. बहिणींचे पैसे चुकवण्यापेक्षा ते स्वस्त पडत होतं.

मी लूकचा एकोणिसावा अध्याय वाचायला लावला. जक्कय हा श्रीमंत जकातदार. तो येशूला बघायला उंबराच्या झाडावर चढला होता तेव्हाच येशूनं सांगितलं की मी तुझ्या घरी उतरणार आहे. लुबाडलेल्यांना चौपट परतफेड करण्याची भाषा त्यानंतरची. म्हणजे परतफेड ही घरात येण्याची फी नव्हती. पण ती झाली, चारचौघांत झाली आणि आकड्यासकट झाली. अण्णा भडकले. "म्हणजे कर्मानं तारण म्हणताय तुम्ही?" मी म्हटलं, कर्मानं तारण मिळत नाही हे खरंच, पण तुमच्याकडे बहिणींचं देणं आहे हेही खरंच. पुढे त्यांनी हप्त्यांनी पैसे दिले. धाकटी बहीण अजून त्यांच्याशी बोलत नाही. बायबलमध्ये मात्र त्यांनी नवी तारीख लिहिली नाही.

तेव्हापासून मी आधी दोनच गोष्टी विचारते. ख्रिस्तानं तुमच्यासाठी काय केलं ते स्वतःच्या शब्दांत सांगा, पण "मी" हा शब्द न वापरता. बहुतेक जण दुसऱ्याच वाक्याला अडखळतात. दुसरं, करायला हवं हे ठाऊक असून टाळत आलात असं काही आहे का? असेल तर ते आधी करा, प्रार्थनेला वेळ आहे. नसेल तर उगाच पापं उकरत बसू नका. काही जणांचा विवेक मुळातच हळवा असतो. आणखी उकरलं तर ते आजारी पडतात, हे मी पाहिलंय.

पौल आणि याकोब यांची झुंज लावणं

हा तरुण मंडळींचा आवडता खेळ: तारण विश्वासानं की कर्मानं, यावर नव्या करारातली या दोघांची पत्रं एकमेकांविरुद्ध लावायची. एक जण पौलाच्या रोमकरांस पत्राचा चौथा अध्याय फेकतो, दुसरा याकोबाचा दुसरा. दोघांनीही बायबलचं पहिलं पुस्तक, उत्पत्ती, उघडलेलं नसतं. पौल सांगतो ते पंधराव्या अध्यायातलं: अब्रामानं (पुढे अब्राहाम) विश्वास ठेवला आणि ते त्याच्या लेखी नीतिमत्त्व मोजलं गेलं. तेव्हा त्याचा थोरला मुलगा इश्माएलसुद्धा जन्मला नव्हता, आणि तो जन्मला तेव्हा अब्राम 86 वर्षांचा होता. सुंता झाली 99व्या वर्षी, इसहाक झाला 100व्या वर्षी. याकोब बोट ठेवतो ते बाविसाव्या अध्यायावर, जिथे अब्राहाम देवाच्या आज्ञेवरून इसहाकाचा बळी द्यायला निघतो आणि इसहाक होमाची लाकडं वाहून डोंगर चढण्याएवढा मोठा झालाय. मध्ये वीसएक वर्षं तरी गेली असणार. त्या वर्षांत अब्राहाम दासी हागारेच्या बाबतीत चुकला, गरारात बायकोला बहीण म्हणाला, आणि देवानं दिलेला शब्द मागे घेतला नाही. विश्वास आधी मोजला गेला. आज्ञापालन उशिरा आलं, अडखळत आलं, पण आलं. याकोब विचारतो ते एवढंच, की ते कधी येतच नसेल तर ज्याला तुम्ही विश्वास म्हणता तो आहे तरी काय?

हे सगळं एका बैठकीत वाचायचं तर तासभरही लागत नाही. तरी लोकांना तीस सेकंदांचा व्हिडिओच हवा असतो.

सेवेत गुंतवून घेणं

खात्री नाही म्हणून गायनात, संडे स्कूलमध्ये, उपासतापासात बुडी मारणारे असतात. त्यांनी पंडिता रमाबाईंकडे पाहावं. त्यांचा बाप्तिस्मा 1883 साली इंग्लंडमध्ये वाँटेजला झाला. 1889 साली त्यांनी मुंबईत शारदा सदन काढलं. सेवा म्हणाल तर एवढी कुणी केली असेल! आणि त्याच रमाबाईंनी पुढे आपल्या साक्षीत लिहिलं, की ख्रिस्ती धर्म सापडला होता पण खुद्द ख्रिस्त सापडला नव्हता, आणि हे बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी कळलं. आठ वर्षं! आमच्याकडे आठ दिवसांत काही वाटलं नाही तर मंडळी बदलतात.

बाकीच्या, थोडक्यात

रोज स्वतःला तपासणं. रोप रोज उपटून मूळ धरलं का बघाल तर ते जगेल कसं? मी तपासणी प्रभुभोजनाच्या (भाकर-द्राक्षरसाच्या विधीच्या) आदल्या रात्री करते, एरवी नाही.

डोळे मिटून बायबल उघडायचं आणि बोट पडेल ते वचन आपल्यासाठी मानायचं. नको.

दुसऱ्याची साक्ष ऐकून आपली फिकी वाटणं. दारू सोडलेल्या माणसाची गोष्ट रंगतेच. ख्रिस्ती घरात वाढलेल्या मुलीला सांगायला तशी गोष्ट नसते, त्याला ती काय करणार?

"एकदा तरलो ते तरलो" म्हणून वाटेल तसं वागणं. रोमकरांसच्या सहाव्या अध्यायाच्या पहिल्या दोन ओळी वाचा: कृपा वाढावी म्हणून पाप करत राहायचं का? मुळीच नाही. त्याउपर माझ्याशी वाद घालू नका.

शेजारच्याची शिकवण ऐकून घाबरणं. 1970 साली नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं तेव्हा अँग्लिकन, प्रेस्बिटेरियन, बाप्टिस्ट, ब्रिटिश मेथडिस्ट असे निरनिराळे पंथ एका छताखाली आले. या खात्रीबद्दल त्यांच्या पूर्वजांचं एकमत कधीच नव्हतं. विशेष प्रकटीकरणाशिवाय अशी पक्की खात्री कुणाला होत नाही, असं कॅथलिकांच्या ट्रेंट परिषदेनं 1547 साली ठरवलं. खुद्द खात्री मानणाऱ्या प्रेस्बिटेरियनांनीही आपल्या वेस्टमिन्स्टर विश्वासनाम्यात लिहून ठेवलंय की खऱ्या विश्वासणाऱ्याला तिच्यासाठी पुष्कळ वाट पाहावी लागू शकते. तेव्हा बाकावर शेजारी बसलेल्या काकूंनी काही वेगळं सांगितलं तर लगेच हादरू नका.

आणि रात्री अकरानंतर इब्री लोकांस पत्राचा सहावा अध्याय वाचणं. लोक चौथ्या वचनापासून सहाव्यापर्यंत वाचतात, एकदा चाखून मग पतन पावलेल्यांना पुन्हा पश्चात्तापाकडे आणणं अशक्य असं तिथे दिसतं, घाम फुटतो आणि बायबल मिटतात. पुढे नवव्या वचनात तोच लेखक म्हणतो, प्रियजनहो, तुमच्याविषयी आमची खात्री याहून चांगल्या गोष्टींची आहे. निदान तिथवर वाचल्याशिवाय पाळकसाहेबांना फोन लावू नका.