एम. एस. डब्ल्यू. आणि नोंदणी: गावाकडच्या विद्यार्थ्यांसाठी

यवतमाळ-गडचिरोलीकडच्या खेड्यांतून पदवीधर झालेल्या मुलामुलींनी एम. एस. डब्ल्यू. या समाजकार्यातील पदव्युत्तर पदवीसाठी महाविद्यालय निवडताना इमारतीआधी तिथले क्षेत्रकार्य, म्हणजे प्रत्यक्ष लोकांत जाऊन करायचे काम, पाहावे, कारण या दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाचा कणा तोच आहे. एखाद्या जुन्या विद्यार्थ्याची क्षेत्रकार्याची नोंदवही मागून वाचावी. कपाशी हातची गेलेल्या घरी, ओसरीवर बसून झालेल्या बोलण्याची नोंद आणि तिच्या समासात मार्गदर्शकाने विचारलेले प्रश्न दिसले, तर तिथे मनापासून शिकवतात असे समजावे. नुसत्याच सह्या असतील, तर दुसरीकडे चौकशी करावी. त्यासाठी मुंबईच गाठायला हवी असे नाही, नागपुरातही समाजकार्याची जुनी महाविद्यालये आहेत.

समाजकार्य करायला परवाना लागतोच, असा मात्र बराच गैरसमज आहे. गावपातळीवर संस्थेत काम करण्यासाठी आपल्याकडे वेगळा परवाना लागत नाही. मानसिक आरोग्याच्या क्षेत्रात मात्र २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानुसार सायकियाट्रिक सोशल वर्कर (मनोरुग्णांसोबत काम करणारा समाजकार्यकर्ता) म्हणून काम करायचे असेल, तर एम. एस. डब्ल्यू.नंतर सायकियाट्रिक सोशल वर्क या विषयातील दोन वर्षांचे पूर्णवेळ एम. फिल. आणि राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे नोंदणी आवश्यक ठरते. यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) २०२२ मध्ये एम. फिल. बंद करण्याचा नियम केल्यामुळे या अभ्यासक्रमाची चालू मान्यता फी भरण्यापूर्वी लेखी तपासावी. शेत गहाण टाकून फी भरणाऱ्या घरासाठी हा कागद फार मोलाचा आहे. कारखान्यात कल्याण अधिकारी व्हायचे असल्यास कामगार कल्याणाचे विशेषीकरण घ्यावे.