दम्याच्या घरात खिडकी कधी उघडायची, कधी लावायची

घोडबंदर रोडला किंवा ठाणे-बेलापूर रस्त्याला लागून घर असेल आणि घरात कुणाला दमा असेल, तर उठल्याबरोबर खिडक्या सताड उघडायची सवय आधी मोडा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी पहाटे जमिनीलगतची हवा गार आणि वरची उबदार असते. त्यामुळे रस्त्याची धूळ आणि डिझेलचा धूर वर चढत नाही, खालीच साचतो. ऊन तापून समुद्रावरचा वारा सुटला की ती हवा ढवळली जाते. म्हणून थंडीत खिडक्या साधारण दुपारी 12 ते 4 उघड्या ठेवा, तेही रस्त्याच्या नव्हे, मागच्या बाजूच्या. येऊरला किंवा पाम बीचला पहाटे पाचला फिरणाऱ्यांनीही ऊन वर आल्यावर निघावं. ‘समीर’ ॲपवर एक्यूआय, म्हणजे हवा किती खराब ते सांगणारा आकडा, 200 च्या वर दिसला तर त्या दिवशी धावणं नको. बाहेर जावंच लागलं तर एन95 मास्क नाकावर घट्ट बसवा. रुमाल बारीक कणांना फारसा अडवत नाही.

तळोजा, रबाळे, महापे या भागांत रात्री रसायनाचा वास आला तर खिडकी लगेच लावून घ्या. एसी लावला म्हणजे हवा शुद्ध झाली, असं मात्र धरू नका. साधा स्प्लिट एसी खोलीतलीच हवा फिरवतो आणि त्याची जाळी जाड धूळच धरते. ती दर 15 दिवसांनी धुवा.

आता घरातली धूळ. कोरडा झाडू मारला की बारीक कण उडतात आणि बराच वेळ हवेत तरंगतात. आधी ओल्या फडक्याने ग्रिल आणि खिडकीच्या चौकटी पुसा, मग फरशी. फोडणी देण्याआधी एक्झॉस्ट फॅन लावा, गॅस बंद केल्यावरही 10 मिनिटं चालू ठेवा. मच्छर अगरबत्ती बंद खोलीत कधीच नको, मच्छरदाणी लावा.

एसीच्या बाहेरच्या युनिटवर कबुतरांनी घाण केली असेल तर ती गांभीर्याने घ्या. वाळलेली विष्ठा आणि पिसांची भुकटी वर्षानुवर्षं श्वासात गेली, तर काहींच्या फुप्फुसांना सूज येऊन पुढे ती कडक होतात. खरवडू नका. एन95 आणि हातमोजे घाला, साबणाचं पाणी फवारून 15 मिनिटं भिजू द्या, मग ओल्या कागदाने उचलून पिशवीत बांधा. कबुतरं अडवणारी जाळी त्यानंतर बसवा, नाहीतर घाण आतच अडकते.

पावसाळ्यात कपाटामागच्या भिंतीवर काळी बुरशी धरते. कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा. गळती आधी दुरुस्त करा. नुसता रंग मारला तर महिन्याभरात पापुद्रे सुटतात. बुरशी ब्लीचने पुसताना त्यात टॉयलेट क्लीनर चुकूनही मिसळू नका, क्लोरीन वायू तयार होतो आणि दम्याच्या माणसाला तो फार घातक.

यातलं नेमकं काय बाधतं, ते पीक फ्लो मीटरने, म्हणजे श्वास किती जोरात बाहेर पडतो ते मोजणाऱ्या नळीने कळतं. उभं राहा, छाती भरून श्वास घ्या, नळीभोवती ओठ घट्ट मिटा आणि एका झटक्यात जोरात फुंका. असं तीनदा करून सर्वांत मोठा आकडा वहीत लिहा. सकाळ-संध्याकाळ, दोन आठवडे. शेजारी त्या दिवशी काय झालं तेही लिहा: धुरळा, साफसफाई, फोडणी. बरं वाटत असतानाचा सर्वोत्तम आकडा 400 असेल, तर 320 च्या खाली सावध व्हा, डॉक्टरांना विचारा. 200 च्या खाली गेला, किंवा धापेमुळे वाक्य पुरं बोलता येईना, तर लगेच आराम देणारा पंप (रिलीव्हर इनहेलर) घ्या आणि लगेच हॉस्पिटल गाठा.